करंगळीशेजारचं बोट

रेणुका हजार विड्या द्यायला ब्रँचला गेली.
जाताना म्हणाली, पाजलंय, दोन तास काळजी नाही.
पाऊण तासात तू सुरू झालीस.

मे महिना. दुपारचा दीड. पत्रा टकटक वाजतोय.
वीज गेलेली, म्हणून खालचे मागही गप.
मी रात्रपाळीचा, डोळ्यांत रेती.

भुकेचं रडणं मला कळतं,
त्यात मधेच थांबून तू ओठ चाटतेस.
झोपेचं असलं की कान ओढतेस.
पोटात दुखलं की गुडघे वर.
हे यातलं नव्हतं.
हे सरळ, एकाच सुरात,
श्वास संपेपर्यंत, आणि पुन्हा तिथूनच.

बालामणी अत्त दारातूनच म्हणाल्या, दृष्ट!
मीठ-मोहऱ्या उतरवल्या.
सिद्रामप्पांनी हिंग सुचवला, बेंबीला लावला.
मी तेलुगूत समजावलं, मग मराठीत,
मग चार शब्दांच्या माझ्या कानडीत.
तू कुठल्याच भाषेत ऐकेनास.

मग मी बोलायचा थांबलो.

बारा वर्षं मागावर आहे, बाई.
चार माग एकदम चालतात,
शेजारच्याशी बोलायचं तर हातवारे करावे लागतात.
तरी एक तार तुटली की कळतं.
आवाज वाढत नाही, कमी होत नाही,
जरासा लंगडतो.
तेव्हा माग थांबवायचा, घाई करायची नाही,
ताण्यावरून हात फिरवत जायचं.
दोन हजारांत तो एक
डोळ्यांआधी बोटांना सापडतो.

तसं तुला मांडीवर घेतलं.
लंगोट सोडला. मान, काखा, मांड्यांच्या घड्या.
मुंगी नाही, घामोळं नेहमीचंच.
डावा पाय. करंगळीशेजारचं बोट
करवंदासारखं टरारलेलं,
आणि मुळाशी, मांसात बुडालेलं,
पांढरं सूत. दोन वेढे.

टॉवेल आमच्याच कारखान्याचा, सेकंड माल,
काठ उसवलेला म्हणून फुकट मिळालेला.
मीच आणला. मीच तुझ्याखाली अंथरला.

कात्री उचलली तर हात कापायला लागला,
रोज शेकडो गाठी मारणारा हात.
कात्री खाली ठेवली.
अंगठ्याचं नख घातलं हळूच,
एक वेढा सैल झाला,
दुसरा दातांनी तोडला.

त्यानंतर तू जास्तच रडलीस.
बरोबर होतं. रक्त परत येताना झिणझिण्या येतात.
मी बोटावर फुंकत राहिलो,
जांभळं होतं ते लाल झालं, लालचं गुलाबी,
आणि तुझा आवाज
कधी बसला ते मला कळलंच नाही.

रेणुका आली तेव्हा मी घरातले सहाच्या सहा टॉवेल
पुढ्यात घेऊन दशा कापत होतो.
ती उंबऱ्यातच थबकली. पानाची पाटी काखेत.
"अहो, चांगल्या टॉवेलांची ही काय दशा केलीत?"

हळू बोल, म्हटलं.