चवीपुरता समुद्र

हिलारिओन,
तुझ्या कारखान्याची गोणी अजून येते
दर दुसऱ्या मंगळवारी, इलो बंदरातून, साडेबारा हजार फूट चढून.
ड्रायव्हरच्या आधी वास खाली उतरतो.
तुझ्या शर्टाचा वास,
जो आईने कितीही घासला तरी
दोरीवर एकटाच वाळायचा.

परवा हिशेब केला.
एक किलो ट्राउटमागे किती किलो अँचोव्ही.
आकडा लिहिला आणि वही पालथी घातली.
तितिकाकातल्या या माशाने जन्मात समुद्र पाहिला नाही,
आणि पोटात त्याच्या
समुद्रच, दळलेला.

वरच्या उतारावरच्या फाउस्तिनाने दोन पोती तारवी दिली, उधारीवर.
निळी फुलं येतात ती. दाणा पांढरा, चपटा,
चावला की जीभ जागच्या जागी थबकते.
कडू ते कडूच, म्हणतात.
पण एक रात्र भिजवायचं, एक दुपार उकळायचं,
मग पोतं दगडाला बांधून ओढ्यात सोडायचं.
रोज सकाळी मी एक दाणा चावून थुंकायचे.
सातव्या सकाळी थुंकले नाही.
(ओढ्याच्या खालच्या अंगाला बेडूक दिसेनात त्या आठवड्यात.
तेही वहीत आहे.)

दळलं, गोळ्या पाडल्या, चौथा पिंजरा निवडला.
पहिली मूठ टाकली की पाणी उकळल्यासारखं होतं, तुला माहीत आहे.
झालं नाही.
ते वर आले, तोंडात घेतलं, सोडून दिलं.
माशाला कुठलं नाक मुरडायला,
पण मुरडलं.

पुनोहून प्रयोगशाळेतला एदिल्बेर्तो आला, कानटोपीतला पोरगा.
म्हणाला, एकदम नको, बाई.
शंभरात दहा. मग वीस. मग बघू.
त्यांना सवय होईतो राहू दे
चवीपुरता समुद्र.

आता चाळिसावर आलोय.
चौथ्या पिंजऱ्यातला मासा नऊ ग्रॅमने हलका भरतो.
गोणी महिन्याला एक कमी लागते.
दोन्ही आकडे एकाच ओळीत लिहिते मी,
बेरीज करत नाही.

तू सणाला आलास, तेव्हा चौथ्यातलाच मासा काढला, सांगितलं नाही.
तू सुरी चालवलीस, आतडं बोटांवर घेतलंस,
हुंगलंस.
बराच वेळ हुंगलंस.
मग म्हणालास, वास नाही गं याला.
आणि थोड्या वेळाने, चुलीकडे बघत:
आमच्या पाळीत तीनशे माणसं आहेत.

मी भात वाढला. काय बोलणार होते?

तू गेल्यावर ओढ्यावर गेले.
पोतं कुणीतरी सावलीतून काढून
धारेत सरकवलं होतं, जिथे पाणी जोरात पळतं.
दगडाला नवी गाठ होती, होडीची,
कारखान्याआधीच्या तुझ्या वर्षांतली.

ती मला सुटली नाही.
पोतं कापावं लागलं.