पान एकतीस ते अडतीस

झेरॉक्सवाल्याकडे, की त्याच्याही आधी कुठे,
कोण जाणे, गळली ही पानं.
लागोसच्या कुणा बाईनं लिहिलेलं नाटक,
कुणीतरी मराठीत आणलेलं,
वेंगुर्ल्याला पोचेतो मधोमध तुटलेलं.

बर्फाच्या कारखान्यात तालीम, रात्री नवानंतर.
मी प्रॉम्प्टर. मांडीवर टॉर्च.
पहिल्या प्रवेशात राजा मरतो,
तिसऱ्यात तोच बसची तिकिटं फाडतो,
पाचव्यात स्वतःच्या मयताला उशिरा पोचतो
आणि प्रेक्षकांकडे सुट्टे मागतो.

(प्रकाश मंदावतो, असं लिहिलंय.
ट्यूब एकच आहे. ती मंदावत नाही.)

हेमांगी कुबल वैतागली,
"राजा मेलो मा? मगे ह्यो परत कसो इलो?"

रुक्मांगद धुरी दशावतारात चाळीस वर्षं राक्षस.
लादीवर गोणपाट टाकून बसलेला.
"आमचो रावण मरता," म्हणाला,
"मागे जावन विडी ओढता,
माणूस कमी पडलो तर वाली होवन येता.
बाकडा ताच. लोकांका ठावक असता.
कोण इचारता?"

पान तीसची शेवटची ओळ :
बाजारात त्या दिवशी
एकोणचाळीस सुरू होतं :
म्हणून मी नाव बदललं.

मधलं आम्ही लिहून बघितलं. चारदा.
चारही वेळा फार शहाणं निघालं.

राजा म्हणजे बस्त्यांव. दिवसा इथंच लाद्या फोडतो.
त्याचा भाऊ इनास, जहाजावर.

रत्नागिरीत, स्पर्धेच्या रात्री,
'त्या दिवशी' म्हणून तो थांबला.
मग कान हातानं झाकून, पुढं येऊन :
"इनास बोलतंय... हंय बाजारात...
आयकतंस मा... आवयक सांग...
हंय पण सुक्याचो वास...
हॅलो"

आणि नुसता उभा.
आठ पानं वाचायला लागतील एवढा वेळ.
माझ्याकडे द्यायला शब्द नव्हता.
मी टॉर्च विझवला.

"म्हणून मी नाव बदललं."

परीक्षकांचा शेरा :
कथानकात सलगता नाही.
बर्फाच्या लादीचं प्रयोजन कळलं नाही.
(ती तोवर निम्मी वितळून
पहिल्या रांगेतल्या चपलांपर्यंत गेली होती.)

परतीच्या टेम्पोत बस्त्यांव म्हणाला,
"ती बाई जिती आसा काय गो?
तिच्याकडे आसतली ती पानां."
आसतली, मी म्हटलं.

रुक्मांगद झोपलेला, अर्ध्या तोंडावर अजून रंग.
कुडाळच्या फाट्यावर टेम्पो थांबला.
कुणीतरी उतरलं. कोण, ते