शिकवणी

सहा दहाला पाणी येतं कोपरखैरण्यात.
सहालाच शेजारच्या रो-हाउसमध्ये
बादल्या ओळीनं लागलेल्या, मोठीपासून लहान,
आणि जिन्याखाली दोघं डोळे मिटून उभी.
प्रार्थना पाणी येईपर्यंतच.
नळ खोकला की आमेन.

त्याचं नाव पोल.
साडेसहा फुटांचा माणूस, त्यात हे नाव,
गल्लीतल्या पोरांना आयतंच मिळालं.
तिचं इंगर. पोरांनी इंगळी केलं,
तेव्हा मात्र मी डोळे वटारले.
बत्तीस वर्षं पालिकेच्या शाळेत वटारलेत,
अजून चालतात.

डेन्मार्कात बटाट्याचं शेत होतं त्यांचं.
मुलाच्या हवाली केलं आणि इथे आली,
तुर्भ्याच्या शेडमध्ये चाकाच्या खुर्च्या दुरुस्त करायला.
पगार नाही. भाडं त्यांचं चर्च भरतं.
आमच्या ह्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं,
"धर्म विकायला आलात?"
मी जीभ चावली, तरी इंग्रजीत जसंच्या तसं सांगितलं.
तो हसला. म्हणाला, मला काहीच विकता येत नाही,
बटाटेसुद्धा हीच विकायची.

ह्यांचा जन्म कांदा-बटाटा मार्केटात गेलेला,
पाठीवर गोणी घेऊन.
तेव्हापासून दोघं ओट्यावर बसतात,
मध्ये एखादा बटाटा,
अंगठ्यानं साल खरवडत,
हे मराठीत बोलतात, तो त्याच्या भाषेत.
निकाल बहुधा एकच लागतो: माल बरा नाही.

मंगळवारी, शुक्रवारी माझ्याकडे शिकवणी.
इंगर वहीला कव्हर घालून आणते.
"दुखतं का?" हे तिचं पहिलं वाक्य,
"कुठे?" दुसरं,
"सावकाश" तिसरं.
नमस्कार नंतर शिकली.
तो लिंगावर अडतो. खुर्ची ती,
मग चाक ते का, आणि ब्रेक तो कसा?
मी म्हणते, असंच आहे.
तो वहीत लिहितो: असंच आहे.

पंख्यावरून भांडतात. तिला पाचावर हवा, त्याला दोनवर.
हरला की उशी घेऊन गच्चीत जातो.
बहुतेक रात्री गच्चीतच असतो.

दिवाळीनंतर पावण्याच्या वरच्या वस्तीतल्या रेश्मानं
पोराची खुर्ची भंगारात विकली,
साडेतीनशे रुपयांना.
इंगर त्या रात्री जेवली नाही.
पोल काही बोलला नाही. सकाळी
पँटीला कपड्यांचा चिमटा लावला, सायकल काढली
आणि मोजायची टेप घेऊन गेला.
बोळ एकवीस इंच. खुर्ची पंचवीस.
सहा महिने ती बाई
पोर कडेवर, खुर्ची डोक्यावर,
अशी मोठ्या रस्त्यापर्यंत यायची.
कुणाला बोलली नव्हती. फुकटच्या वस्तूला नावं कशी ठेवायची?

एकोणीस इंची खुर्ची करायला अकरा दिवस गेले.
पहिली तर डावीकडेच ओढायची.
नेऊन दिली तेव्हा मी सोबत होते.
"ही तरी विकू नकोस," मी रेश्माला म्हटलं.
"बघू," ती म्हणाली, "भाव काय येतो."
मी भाषांतर केलं. पोलला इतकं हसू आलं
की दाराच्या चौकटीवर डोकं आपटलं त्याचं.

"आम्ही" आणि "आपण" यात तो अजून घसरतो.
त्यांच्याकडे दोन्हीला एकच शब्द.
आम्ही म्हणजे समोरच्याला सोडून, मी पाटीवर लिहिलं,
आपण म्हणजे त्याला धरून.
इंगरला कळलं.
तो म्हणाला, सोडलंय हे तोंडावर कशाला सांगायचं?

मार्चमध्ये व्हिसा संपतो.
परवा ओट्यावर ह्यांना म्हणाला,
"आपण मार्चमध्ये डेन्मार्कला जाणार."
हे गप्प झाले. बटाटा खिशात घातला,
आत येऊन मला विचारतात,
थंडी कितपत असते तिकडे?
तो निळा स्वेटर कुठे ठेवलायस?

माळ्यावरच्या ट्रंकेत, मी म्हटलं,
आणि शिडी धरायला उठले.