तीन नंबरची खिडकी

रात्री नळाच्या मानेला
दह्याचं गाठोडं बांधलं.
फडकं कसलं, उशीचा जुना अभ्रा,
धुऊन धुऊन जाळी झालेला.
टप्.
मग बराच वेळ काही नाही.
मग टप्.
बाहेर डुलूथ उणे बावीसवर,
सरोवर काठाकाठानं करकरतंय,
आणि माझ्या सिंकमध्ये
एक दही आपलं पाणी सोडतंय
कुणाचीही घाई नसल्यासारखं.

उद्या मार्लिसचा निरोप.
एकतीस वर्षं तिसऱ्या खिडकीवर
लोकांना गाड्यांच्या नंबरप्लेटा दिल्या तिनं.
मी चौथ्या. मध्ये एक काच
आणि काचेवर चिकटवलेला तिचा कुत्रा,
फोटोत, जीभ बाहेर.
ऑगस्टमध्ये तिचा रिपोर्ट आला.
तेव्हापासून वाढदिवस कुणाचाही असो,
केक तीच कापते, तीच वाटते,
आणि पाण्याचा कागदी कप धरून
कॉपी मशीनपाशी जाऊन उभी राहते,
जणू तिचं काहीतरी छापून यायचंय अजून.

खजूर भिजवले. नऊ.
"खजूर म्हणजे वेष पालटलेली साखरच गं,"
नणंद म्हणाली फोनवर, ठाण्याहून.
ती आहारतज्ज्ञ. तिच्याकडे सकाळ होती,
आवाजात उत्साह होता.
नवाचे पाच केले.
उरलेले चार मी खाल्ले, उभ्याउभ्या.
मग गोडाची जागा भरत बसले:
बदाम भाजून, सालीसकट वाटून,
दालचिनी, मिठाची कणी,
वेलची. इथे जरा हात सुटला.
निवळीत दुसऱ्या दिवसाची कणीक भिजवली.

चक्का फेटताना अण्णा आठवले.
चिपळूणच्या दवाखान्यात कंपाउंडर,
दुसऱ्यांच्या बाटल्यांवर
डोसाच्या कातरलेल्या पट्ट्या चिकटवणारे.
पंगतीत जिलबी आली की
पानावर हात आडवा.
आणि मध्यरात्री गुळाच्या डब्याचं झाकण
इतक्या हळू उघडायचे
की घर सगळं जागं व्हायचं.
कुणी काही बोललं नाही कधी.
चोरी आम्हाला कळली होती.
चारचौघांत खाता येईल असं काही
त्यांच्यापुढे करून ठेवावं,
हे नाही सुचलं.

दुपारी ब्रेकरूम. टेबलावर
कॅरॅमलचं भांडं, त्याला फुगा बांधलेला,
मार्शमॅलोचा फेसाळ डोंगर,
आणि माझा वाडगा.
रंग म्हणाल तर पावसाळी भिंतीचा.
भोवती सफरचंदाच्या फोडी,
लिंबू चोळूनही काळवंडलेल्या.
"हे काय?" हिशेबातल्या कर्टनं विचारलं.
श्रीखंड म्हणावं तर श्रीखंडाचा अपमान,
डिप म्हणावं तर माझा.
"मार्लिसचं आहे," म्हटलं.

मार्लिस आली.
फोड बुडवली, चावली सावकाश,
अर्जावर सही राहिली नाही ना
हे पाहावं तशी.
"गोड कमी आहे," म्हणाली.
इतकं स्पष्ट या गावात कुणी बोलत नाही.
इथं लोक नावडतं ते "वेगळंच आहे" म्हणतात
आणि रुमालात गुंडाळतात.
मी मान हलवली. कमी होतंच.
तिनं दुसरी फोड घेतली.
तिसरी.
चौथीच्या वेळी कर्टला कोपरानं सरकवलं.
कागदी कप कुठे ठेवून आली होती
कोण जाणे.

वाडगा ती घरी घेऊन गेली,
तळाला चिकटलेल्यासकट,
मफलरमध्ये बांधून.

सोमवारी तिसरी खिडकी बंद.
लोक माझ्याकडे रांग लावतात,
बूट आपटून बर्फ झाडतात.
काचेवर कुत्रा आहे अजून.
वाडगा काही परत आलेला नाही.
मी मागणार नाही.