रुपयाने वाजवून पाहताना

रात्रीचे दोन चाळीस.
कलिन्याच्या अंगाचा हँगर, दार अर्धंच सरकवलेलं,
मिठीवरून येणारा खारट, कुबट वारा.
मी शिडीवर. हातात रुपया.
पातं वाजवून पाहतेय.

टण्. टण्. टण्.
धड पात्याचा आवाज कोरा येतो.
आत थर सुटला असेल तर ठप्प,
ओल धरलेल्या भिंतीसारखा.
हे मला मिस्किटांनी शिकवलं,
ऑस्टिन मिस्किटा, कोळेकल्याणचे.
बापाचं भाताचं खाचर टॅक्सीवेखाली गेलेलं,
म्हणायचे, "मी कुठं नोकरी करतो?
घरच्याच जमिनीवर राबतो."
जुना, जाड रुपया त्यांनीच दिला जाताना.
नवे हलके आहेत, खोटं बोलतात.

वरच्या मजल्यावर दिवसा बागवे हिशेब मांडतात.
धावपट्ट्या दोन, पण एकमेकींना छेदणाऱ्या,
म्हणजे हिशेबाला एकच.
उतरायचं मिनिट सगळ्यांना सारखंच मोजून मिळतं,
मग त्या मिनिटात सत्तर माणसं का उतरवायची?
शंभर उतरवा. जेट आणा.
पंखेवाली पाठवा दुसरीकडे,
जिथे मिनिटं स्वस्त आहेत.

चुकीचं नाही बोलत ते.
मी फक्त विचारलं, जळगावला जेट किती लवकर पोचेल?
"अकरा मिनिटं."
आणि परतताना डहाणूवर किती वेळ घिरट्या?
बागवे हसले. चहा मागवला.
इंधनाचा आकडा दुसऱ्या पानावर होता,
ते पान त्यांनी उलटलं, पण हळू उलटलं,
एवढं कबूल करायला हवं.

गेल्या आठवड्यात दिव्याची तार बदलायला बे-वर गेले,
तर एक बाई, हातात केळीच्या वेफर्सची पिशवी,
पायरीशीच अडल्या.
"अगं बाई, पंख्याचं आहे हे?
जावई म्हणाला होता, विमान आहे."
सांगणार होते की
जेटच्या पोटातही पंखाच असतो,
फक्त झाकलेला, घरंदाज.
आमची उघड्यावर राबते म्हणून जुनाट दिसते.
पण मागे रांग होती,
आणि माझ्या तोंडात स्क्रू होता.

तन्वीर खाली टॉर्च धरून उभा.
संगमेश्वरचा पोर, जेटचं लायसन्स काढतोय,
मीच अर्जावर सही केली.
मोबाईल वर करून दाखवतो:
"मॅडम, हे बघा, उद्याचं इंजिन!"
चित्रात झाकण काढून टाकलेलं,
लांब, वाकडी पाती उघड्यावर.
इंधन वाचवायला म्हणे.
"जेटला पंख फुटले," तो म्हणतो.
मी म्हणते, टॉर्च नीट धर.
पण हसू आलं, ते त्याला दिसलं नसावं.

काय राहील, काय जाईल, मला माहीत नाही.
पाती वीस वर्षांनी असतील,
बहुतेक मुंबईत नसतील.
या शहरात राहायचं तर
एका मिनिटात किती मावता ते सांगावं लागतं.
मिस्किटांचं खाचरही असंच मोजलं होतं कुणीतरी.

चौथं पातं.
टण्. टण्.
टोकापासून वीतभर आत
ठप्प?
की वाऱ्याने दार हललं?

तन्वीर वर बघतो. काही बोलत नाही.
पाच पंचावन्नला हे जळगावला निघायचं आहे.
खडूने गोल काढला तर तपासणी, तपासणी म्हणजे उशीर,
आणि उशीर बागवेंच्या तक्त्यात पडणार,
डावीकडच्या रकान्यात, जिथे आमची नावं आहेत.
तिथे खडू दिसत नाही, फक्त मिनिटं.

"दार लाव," मी म्हणते.
तो धावतो. पत्रा करकरत बंद होतो.
वारा थांबतो.
शहराचाही आवाज जरा मागे सरतो.

मी रुपया घामेजल्या पँटला पुसते,
खडू दातात धरते
आणि परत वाजवते.