पूर्वेचा पूल

नऊ वर्षं आकडा अकराच्या वर गेला नव्हता.
रात्री दहानंतर ओर्डान उघडायचं,
कोपऱ्यात हिरवा ठिपका, त्याच्यापुढे अकरा,
आणि अकराही पाठ झालेले:
ब्रातिस्लाव्हाचा दंतवैद्य, दलदलीतूनच चढाई करणारा;
दोघे भाऊ, जे एकमेकांशी फक्त इथेच बोलतात;
वित्कोवित्सेच्या भट्टीवरून निवृत्त झालेले ह्यनेककाका,
हरले की म्हणणार, "माउस म्हातारा झालाय."
आणि मी, ओस्त्रावाच्या डेपोत ट्रॅमचे ब्रेक तपासणारा.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी आकडा चौदा.
बुधवारी तेरा. गुरुवारी एकोणीस.
मी कुणाला बोललो नाही.
फार दिवसांच्या आजाऱ्यानं आपणहून पेज मागितली
की घरातले गप्प राहतात ना,
भांडंसुद्धा हळू ठेवतात,
तसा.

मग दुरुस्ती आली, सतरा मेगाबाइटची.
कंपनी कधीच बुडालेली,
तिच्या ऑफिसच्या जागी पडद्यांचं दुकान.
कुणी केली, कुठे बसून, कशासाठी, पत्ता नाही.
खाली एवढीच ओळ:
पूर्वेच्या पुलावरचा मजूर आता अडकणार नाही.

तो मजूर!
खांद्यावर कोळशाचं पोतं,
वीस वर्षं जागच्या जागी पाय उचलत होता.
लुबोश त्याला साहेब म्हणायचा.
डाव सुरू झाला की आधी विचारायचा,
"साहेब पोचले का कामावर?"
साहेब आडवे, म्हणून वाफेचे रथ पुलावरून येत नसत,
आडवाटेनं येत, म्हणून आमच्या तोफा आडवाटेवर.
एका चुकीवर आम्ही अख्खं युद्धशास्त्र उभं केलं होतं.
लुबोशला जाऊन सहा वर्षं झाली.
त्याच्या बायकोनं फ्लॅट विकला, सायकल विकली.
साहेब तेवढे होते तिथेच.

त्या शनिवारी "पाणकोंबडी" नावाच्या कुणीतरी मला आव्हान दिलं.
पहिली चार मिनिटं हल्ला नाही, ही आमची रीत.
तिसऱ्या मिनिटाला तिचे सात रथ
सरळ पुलावरून माझ्या कोठारात.
तोफा आडवाटेकडे तोंड करून बसलेल्या,
लग्नात चुकीच्या मांडवात शिरलेल्या पाहुण्यांसारख्या.

मी लिहिलं: इथे असं करत नाहीत.
तिनं लिहिलं: कुठे लिहिलंय?

खरंच, कुठेच नव्हतं.

ओपावाची, सोळा वर्षांची, नाव अपोलेना.
आत्याच्या तळघरात तिला सीडी सापडली,
सीडी घालायला लॅपटॉपला फटच नाही,
तरी कुठून कुठून शोधून तिनं खेळ बसवला,
आणि वर्गातल्या दोघींना ओढून आणलं.
"ग्राफिक्स घाण आहेत," ती म्हणाली, "पण हरल्यावर झोप येत नाही."
मग विचारलं,
"तुम्ही सगळे तो पूल का टाळता? मोकळा तर आहे."

ह्यनेककाकांना हे सांगितलं तर हसले नाहीत.
म्हणाले, भट्टी बंद झाली तेव्हाही
पहिले काही महिने सगळीकडे दिवे लागायचे,
लोक बघायला यायचे, तिकीट काढून.
म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही.
दुसऱ्या रात्री मात्र दहाच्या आधीच हजर,
नवा माउस घेऊन.

आकडा सव्वीसवर गेला. रविवारी नऊवर आला.
नऊ! अकराहूनही कमी.
मी तीनदा मोडेम बंद-चालू केला.

सोमवारी डेपोतून उशिरा आलो, बूट न काढताच बसलो.
एकट्यानं डाव मांडला, एक मजूर केला,
खांद्यावर पोतं दिलं आणि पूर्वेला पाठवला.
पुलाच्या मध्यावर आला तेव्हा म्हटलं, थांब.
तो थांबला.
पाय उचलत नव्हता. पोतं खाली ठेवून
नदीकडे बघत उभा.
हे चित्र त्यात होतं, पहिल्यापासून होतं,
आम्हाला कधी दिसलंच नव्हतं,
कारण साहेबांना कधी कुणी थांबू दिलं नव्हतं.

लुबोश, अरे—

कोपऱ्यात ठिपका हलला. सतरा.
पाणकोंबडी विचारत होती, आहात का,
आज एक मैत्रीण आणलीय, तिला काहीच येत नाही.
मी मजुराला पुढे जा म्हटलं
आणि एक तोफ पुलाकडे वळवली.