पात्र

जुना कागद आणा, बुरांडे डॉक्टरीण म्हणाल्या.
कातडीवरची रेघ आडवी आहे, ती दिसतेच आहे मला,
पण आत पिशवीवर कापलं कसं,
आडवं की उभं,
ते वरून कळत नाही.

मला लगेच पटलं.
मी टॉवेलचे काठ मारते, डझनावर.
वरून सरळ दिसणारी दुमड
आतल्या बाजूनं कुठं धागा सोडून बसली आहे
ते उलटं केल्याशिवाय दिसत नाही.
आता मला कोण उलटं करणार.

घरी पत्र्याची पेटी उपसली.
रेशनकार्ड, अत्तम्माचं विडीचं पासबुक,
लेकीच्या लसींचा तक्ता, कुणाची तरी लग्नपत्रिका
हळद उडालेली.
तो कागद नाही.

अत्तम्मा सुपात तंबाखू घेऊन बसलेली.
वद्दु, म्हणाली. नको.
पाच पोरं हिनं घरात काढली,
आणि मला सांगते सरळ टेबलावर जाऊन झोप.
मी चिडले.
मग ती कात्रीनं पान कापत कापत
माझ्याकडे न बघता बोलली:
माझी धाकटी, यादगीरला,
आधीचं पोर पोट फाडून झालेलं,
दुसऱ्याच्या कळांत आतून उसवली.
घरीच होती.
एवढंच. पुढचं पान घेतलं.

चौथ्या दिवशी नळ आला, पहाटे तीनला.
सगळ्या घागरी, कळश्या, पिंप, डबे
फळीवरून उतरवले
तर फळीवर अंथरलेला तो कागद.
तीन वर्षं पाण्याखाली राहिलेला,
घागरीच्या बुडाचे गोल गोल डाग,
शिक्का पार धुऊन गेलेला.
बॉलपेनानं लिहिलेलं तेवढं शिल्लक.

डॉक्टरीणबाईंनी तो खिडकीशी धरला.
खालच्या भागावर आडवा छेद, म्हणाल्या, बरं झालं.
कारण, बाळ पायाळू.

पायाळू म्हटल्यावर मला हसू आलं.
आमच्या गल्लीत यावरून भांडण आहे.
लूमवर बारा तास उभे राहिलेले बाप्ये
कमर धरून येतात दारात,
माझ्या तीन वर्षांच्या शैलजाचा पाय लावून घ्यायला.
आणि समोरची कोडमबाई ओरडते,
अरे ती पोटातून काढलेली,
पायानं आलीच कुठं बाहेर?
लोक तरी येतात. पोरीला गोळी देतात.

हे बाळ डोक्यावर आहे.
वजन बेताचं. मध्ये तीन वर्षं गेली.
बाईंनी शिवणीवर बोटं दाबली, दुखतंय?
नाही.
खरं सांगा.
खरंच नाही.
मग म्हणाल्या, दहातल्या सहा-सात जणींना जमतं,
बाकीच्यांना पुन्हा टेबलावर घ्यावं लागतं.
कळा सुरू झाल्या की घरी एक तासही थांबायचं नाही.
वर थेटर उघडं असेल, रक्त आणून ठेवलेलं असेल,
आणि मी थांब म्हटलं की थांबायचं.
कबूल?

छापील फॉर्म होता.
नैसर्गिक प्रसूतीच्या प्रयत्नासाठी
पात्र / अपात्र.
एकावर खूण.

पात्र.
माझ्या घरात एकोणीस आहेत,
पितळेचं एक, बाकी प्लास्टिक.
नवी घागर घेतली की मी ती
काठोकाठ भरून रात्रभर ठेवते,
सकाळी उचलते, खालची फरशी हातानं चाचपते.
कोरडी असली तर ठीक.
दुकानदार कितीही सांगू दे,
भरल्याशिवाय कळत नाही,
आणि भरायची ती मोरीजवळ,
गळली तर घर भिजू नये म्हणून.

सही केली.
नवरा रात्रपाळीला होता, त्याची रेघ रिकामी सोडली.
घरी येऊन अत्तम्माला सगळं सांगितलं,
थेटर, रक्त, थांब म्हटलं की थांबायचं.
ती काही बोलली नाही.
विड्यांचं बंडल बांधलं, दोरा दातानं तोडला,
आणि विचारलं,
दवाखान्यात रात्री माझ्यासाठी
बाकडं असतं का तिथं?

मी भिंतीकडे तोंड करून आडवी झाले.
शैलजाला हाक मारली,
ये, माझ्या कमरेला पाय लाव.